यंत्राजवळचा पाहुणा

सांगलीत मी बावीस वर्षं गणित शिकवलं आणि त्या काळात सात निवडणुकांना ड्युटी केली. सहांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सातवीबद्दल मी घरातही कधी नीट बोललो नाही. बायकोची समजूत अशी की त्या उन्हाळ्यात मला ऊन बाधलं, म्हणून पुढच्या वेळी मी वैद्यकीय दाखला जोडून यादीतून नाव काढून घेतलं. मला ऊन बाधलं नव्हतं.

गाव कुंडलच्या पुढं, पलूस तालुक्यातलं. ऊस, थोडी द्राक्षं, आणि बहुतेक घरांतला एक तरी माणूस फौजेत असलेला किंवा फौजेतून परत आलेला. मी तिथल्या शाळेतल्या मतदान केंद्राचा केंद्राध्यक्ष होतो. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घेताना तहसील कचेरीतल्या कारकुनानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "सर, उद्या तुमच्याकडं परदेशी पाहुणे येणार. निवडणूक बघायला. वरनं पत्र आहे. खुर्ची, पाणी, चहा एवढं बघा आणि शर्ट इन करा."

"कुठले?"

त्यानं देशाचं नाव सांगितलं आणि माझ्या तोंडाकडं बघून हसला. "मी काय करू सर? यादी दिल्लीची."

त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचणारा उरलेलं न वाचताच आपलं मत बनवतो, हे मला आता पक्कं माहीत आहे. आपला शेजारी देश, आणि त्याच्याशी आपलं जमत नाही. सीमेवर ज्याच्याकडं तोंड करून ह्या गावातली पोरं उभी असतात तो, एवढं पुरे.

मतदान सुरू होण्याआधी यंत्र बरोबर चालतं हे दाखवायला उमेदवारांच्या एजंटांसमोर लुटुपुटीचं मतदान घेतात. किमान पन्नास मतं. कागदावर त्याला अभिरूप मतदान म्हणतात, आम्ही सगळे मॉक पोल म्हणतो. मतं मोजून दाखवायची आणि मग क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही तीन बटणं ह्याच क्रमानं दाबून यंत्र कोरं करायचं. कोरं केलं नाही तर ती पन्नास मतं आतच राहतात आणि खऱ्या मतांत मिसळतात. प्रशिक्षणात हे इतक्या वेळा सांगतात की शेवटी आपण ऐकायचं सोडून देतो.

त्या सकाळी दोन एजंट हजर होते. एक माजी सैनिक, गाव त्यांना सुभेदार म्हणायचं. साठीचे, मिशा कातरलेल्या, बुटांना पॉलिश. दुसरा विरुद्ध पक्षाचा, तिशीतला, सारखा तंबाखू मळणारा. मॉक पोलची बरीचशी मतं सुभेदारांनीच दाबली. "हितं तरी आमचा उमेदवार निवडून येऊ दे," म्हणाले. यंत्रातून पडलेल्या चिठ्ठ्या आम्ही बाकावर पसरून हातानं मोजल्या. पन्नास भरल्या. त्या काळ्या पाकिटात घातल्या, पाकीट बंद केलं. आता यंत्रावरची तीन बटणं राहिली होती, तेवढ्यात गाडी आली.

पांढरी गाडी, पुढं पोलीस. सगळे उठले. मीही उठलो. फाटकापर्यंत गेलो, नमस्कार केला. गाडीतून सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या एक मॅडम उतरल्या. पाहुण्यांसोबत राहण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. त्यांच्या मागून पाहुणे उतरले. एकटेच. पन्नाशीचे, माझ्याच वयाचे, अंगात साधा फिकट शर्ट, हातात वही. मी कुणीतरी मोठा, वेगळा दिसणारा माणूस येईल असं धरून चाललो होतो. हे आमच्या शाळेत पर्यवेक्षक म्हणून खपले असते.

परत खोलीत आलो तेव्हा सात वाजायला बारा मिनिटं होती. मी घाईनं यंत्राला कागदी सील लावलं, एजंटांच्या सह्या घेतल्या. बटणं दाबली, असं मला वाटलं. खरंच वाटलं. आजही मनात ती दाबल्याचं चित्र येतं, आणि ते आदल्या निवडणुकीचं आहे हे मला ठाऊक आहे.

पाहुणे टेबलाशी आले. डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवून, जरा वाकून त्यांनी सील बघितलं. मग मला सावकाश इंग्रजीत विचारलं, "एजंटांसमोर क्लिअर केलंत ना?"

"येस सर," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

सातला मतदान सुरू झालं. पाहुणे व्हरांड्यात, दाराशी खुर्ची टाकून बसले. मॅडम शेजारी. रांगेत कुजबुज सुरू झाली होती. कुणीतरी गाडीच्या ड्रायव्हरकडून देश काढून घेतला होता.

"काय वो सर, शाई लावा की त्यास्नी पण!"

"त्याचं मत कुनाला रं?"

"कुनाला का दीना. आपल्यात उभा ऱ्हायला तर डिपॉझिट जाईल गड्याचं."

हशा पिकला. पाहुणेही हसले, कारण सगळे त्यांच्याकडं बघून हसत होते. एक म्हातारी मतदान करून बाहेर आली ती सरळ त्यांच्यापुढं उभी राहिली. "तुज्या गावाला पाऊसपानी हाय का रं बाबा?" मॅडमनी भाषांतर केलं. पाहुणे म्हणाले, गेली दोन वर्षं कमीच आहे. म्हातारीनं "आमचं बी तसंच" म्हणून त्यांच्या खांद्यावर हात टेकला आणि त्याच आधारानं पायरी उतरली. त्या सकाळी गावानं त्यांच्याशी केलेलं सरळ बोलणं एवढंच.

गर्दी जरा ओसरली तेव्हा मी चहा घेऊन बाहेर गेलो. ते म्हणाले की मीही तुमच्यासारखाच, जिल्ह्यात निवडणुका घेतो, वीस वर्षं झाली. "आमच्याकडं मागं तुमच्या देशातले निरीक्षक आले होते. लोक म्हणायचे, हे निकाल खिशात घालूनच आलेत. मी त्यांना केंद्रं दाखवत फिरलो, तर मलाही विचारायचे, तू कुणाचा?" हे सांगताना ते कपातल्या चहाकडं बघत होते. मी म्हणालो, आमच्याकडं तसं नाही. पाहुणा म्हणजे पाहुणा.

हे वाक्य बोलून अर्धा तास झाला असेल. नऊला दोन तासांचा आकडा कळवायचा असतो. नोंदवहीत एकशे अठरा मतदार झाले होते. यंत्राचं टोटल बटण दाबलं तर एकशे अडुसष्ट.

मी परत दाबलं. एकशे अडुसष्टच.

वजाबाकी करायला मला वेळ लागत नाही. काय झालंय ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि त्याच क्षणी दुसरंही कळलं होतं: निलंबन, चौकशी, आणि शाळेत पर्यवेक्षकपदासाठी माझं नाव ज्या महिन्यात जाणार होतं तो हाच महिना.

सुभेदारांनी आकडा वाचला. ते क्षणभर माझ्याकडं बघत राहिले. मग दाराबाहेर बघून म्हणाले, "मघाशी त्यो हितं वाकला हुता. मशीनपाशी. हात हुता त्याचा."

"व्हय व्हय, मी बी बगितला," दुसरा एजंट म्हणाला. तो त्या वेळी शाळेच्या भिंतीशी तंबाखू थुंकत होता.

आवाज ऐकून मॅडम आत आल्या. "त्यांनी हात टेबलावर ठेवला होता. यंत्राला शिवलेसुद्धा नाहीत. मी शेजारी उभी होते. आणि नुसता हात लावून मतं वाढतात का?"

"त्येंच्याकडं कसलं कसलं यंतर असतंय, तुमाला काय ठावं?" दुसरा म्हणाला. "आन् मॅडम, तुमी सांगलीच्या का तिकडच्या?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. खोलीत माझे तीन सहकारी होते, तेही माझ्याकडं बघत होते. मी नोंदवहीची पानं उलटून मोजणीत चूक झालीय का ते शोधू लागलो. चूक नाही हे मला माहीत होतं. पानं उलटायला मी चांगली पाच-सात मिनिटं घेतली असतील, आणि तेवढ्यात रांगेतला शब्द फाटकाबाहेर गेला.

फाटकाशी माणसं जमली. केंद्राच्या आवारात मोबाईल आणायचा नसतो, तरी दोघांनी फाटकावरून चित्रण सुरू केलं. "मशीनमध्ये काय घातलंस रं?" "बाहेर काडा त्याला!" "आमच्या पोरांचं रगात सांडतंय तिकडं, आन् ह्येला हितं चा पाजताय?" शेवटचं बोलणाऱ्याचा भाऊ सीमेवर होता, हे मला नंतर कळलं. त्याचा राग खोटा नव्हता.

पाहुणे खुर्चीवरून उठले नाहीत. मॅडमनी त्यांना काय चाललंय ते सांगितलं असावं, आकडा सांगितला असावा, कारण त्यांनी मान वर करून दारातून माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. वीस वर्षं निवडणुका घेणाऱ्या माणसाला पन्नास ह्या आकड्याचा अर्थ सांगावा लागत नाही. शिवाय त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी येस सर म्हणालो होतो. ते एक वाक्य बोलले असते तर माझा निकाल तिथंच लागला असता. पण बघायला आलेल्या माणसानं मध्ये बोलायचं नाही, हा त्यांच्या कामाचा नियम असतो. त्यांनी वही मिटली आणि हात मांडीवर ठेवले.

साडेनऊला झोनल साहेब आले. आमच्या दहा-बारा केंद्रांवर देखरेख करणारे अधिकारी. हुशार माणूस. त्यांनी आकडे बघितले, मला वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात नेलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "सर, क्लिअर केलं होतं का?"

मी म्हणालो, "पाहुणे जवळ आले होते, हे खरं आहे."

मी खोटं बोललो नाही. त्या दिवसाबद्दल मी स्वतःला सर्वांत जास्त वेळा ऐकवलेलं वाक्य हेच आहे. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, एवढंच. साहेबांना खरं उत्तर मिळालं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांच्या भागात मॉक पोलची चूक निघाली असती तर त्यांनाही खुलासा द्यावा लागला असता. त्यांनी थोडा विचार केला आणि केंद्राध्यक्षांच्या दैनंदिनीत लिहायची दोन वाक्यं सांगितली. मी माझ्या अक्षरात लिहिली. नोंदवही व यंत्र यांच्या आकड्यांत पन्नासची तफावत आढळली. मतदान सुरू होण्यापूर्वी परदेशी अभ्यागत यंत्राजवळ उपस्थित होते.

दोन्ही वाक्यं खरी. मी ती एकाखाली एक लिहिली.

पाहुण्यांना शाळेच्या मागच्या बाजूनं, उसाच्या बांधावरून गाडीपर्यंत नेलं. त्यांचा एक बूट चिखलात रुतला, पोलिसानं तो काढून दिला. सांगलीतला त्यांचा पुढचा कार्यक्रम रद्द झाला, असं त्याच दुपारी कळलं. संध्याकाळपर्यंत चित्रण सगळीकडं पोचलं होतं. माझ्या शाळेतल्या शिपायानंच मला ते दाखवलं. "सर, हे तुमच्याच केंद्रावर ना? लय भारी पकडला." मोजणीच्या दिवशी ते यंत्र बाजूला ठेवलं गेलं. निवडून आलेल्याचं मताधिक्य मोठं होतं, त्यामुळे ते उघडायचं कुणालाच कारण उरलं नाही.

मॅडमचा फोन आठ दिवसांनी आला. त्या शांत बोलत होत्या. "सर, मला अहवाल द्यायचाय. तुम्ही एक ओळ लिहून द्या. त्यांनी यंत्राला हात लावला नाही, एवढीच. बाकी तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

मी म्हणालो, "मॅडम, वरिष्ठांशी बोला. मला अधिकार नाही."

"तुम्ही तिथं होतात. त्याला अधिकार लागत नाही."

मी फोन ठेवला. त्या आणखी दोनदा करून थांबल्या. मी पर्यवेक्षक झालो आणि नंतर संस्थेनं मला वाईच्या शाखेत पाठवलं. वाई माझं मूळ गाव. सकाळी घाटावर फिरायला जायचं, शाळा, संध्याकाळी वर्तमानपत्र. बरं चाललं होतं, असं कुणीही म्हणेल. फक्त त्या देशाची बातमी आली की मी पान उलटायचो. वर्गात एकदा एका मुलानं गैरहजर असलेल्याचं नाव घेऊन स्वतःची चूक त्याच्यावर ढकलली. मी त्याला इतकं बोललो की मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी एसटीनं साताऱ्याला आणि तिथून गाडी बदलून त्या गावात गेलो. सुभेदारांना गाठायचं होतं. वाटत होतं, हात लावल्याचं त्यांनीच पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा दुरुस्त करणाऱ्या कागदावर त्यांचीही सही असावी. त्यांना खरं काय ते सांगायचं, त्यांना धक्का बसेल, ते चिडतील, अशी मी तयारी केली होती.

ते अंगणात बाजेवर बसून रेडिओ ऐकत होते. ओळखलं. "आवं या सर, बसा. ह्या वक्ताला तुमी आला न्हाईसा निवडणुकीला?"

मी चहा येईपर्यंतही थांबलो नाही. सांगून टाकलं. क्लिअर केलं नव्हतं, ती मतं मॉक पोलची होती, मला तेव्हाच कळलं होतं.

सुभेदारांनी रेडिओ बंद केला. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"तवाच. पन्नास म्हटल्यावर कळत न्हाई व्हय? मतं मीच दाबली हुती की."

"मग तुम्ही त्यांचं नाव का घेतलं?"

"तुमचं तोंड बगितलं म्हणून. पांढरं फटक. म्हटलं, ह्या मास्तराची नोकरी जातीया आता. आन् भाईर त्यो बसलाच हुता आयता." ते अगदी सहज बोलत होते. "त्याचं काय गेलं वो? गेला त्याच्या मुलखात. तुमी आपलं माणूस."

इतकी वर्षं मी समजत होतो की गावानं मनापासून संशय घेतला आणि मी त्याचा फायदा उठवला. सुभेदारांनी तो माझ्यासाठी तयार करून दिला होता, आणि मोबदल्यात काही मागितलं नव्हतं.

चहा आला. सुभेदार म्हणाले, "चौकीवर असताना सणाला पलीकडनं ते मिठाई धाडायचे. आमी बी धाडायचो. सायबांचे फोटो निघायचे, हात मिळवायचे. पर ती मिठाई आमी आदी कुत्र्याला घालायचो. तीन वर्सं हुतो मी त्या पोस्टला. कुत्रं लय माजलं खाऊन खाऊन."

"त्याला कधी काही झालं?"

"न्हाई. कायबी न्हाई झालं."

"तरी घालतच राहिलात?"

"घालायचोच. त्ये बी घालत असतील त्यांच्या कुत्र्याला आमची." ते हसले आणि मग थांबले.

मी पिशवीतून कागद काढला. एका पानात सगळं लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि परत दिला. "तुमच्यासाठी कुठं बी सही करीन सर. ह्यावर न्हाई. ह्यो कागद त्याच्यासाठी हाय. मला गावात ऱ्हायाचंय." मी आग्रह केला नाही. निघताना त्यांनी मला थांब्यापर्यंत मोटारसायकलनं सोडलं आणि गाडी येईपर्यंत उभे राहिले. कागदाचा विषय दोघांनीही परत काढला नाही.

तो कागद मी एकट्याच्या सहीनं सांगलीच्या कचेरीत दिला. आवक विभागातल्या कारकुनानं तो वाचला. "सर, हे आता कशाला? ती मशीन कधीच रिकामी होऊन दुसऱ्या निवडणुकीला गेली. तुमच्यावरच उलटायचं की हो." मी म्हणालो, उलटू दे, शिक्का मारा. त्यानं मारला. खुलासा मागणारं पत्र अजून तरी आलेलं नाही. रोज टपालाची वेळ झाली की माझं लक्ष दाराकडं असतं, आणि आलं तर बरं होईल असंही वाटतं.

दुसरी प्रत घेऊन मी मॅडमच्या कॉलेजात गेलो. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. उभ्यानंच कागद वाचला. मग म्हणाल्या, "त्यांचं पुढं काय झालं, माहीत आहे तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

"ते चित्रण तिकडंही गेलं. आपला अधिकारी तिथं शिव्या खात गप्प का बसला, म्हणून त्यांना विचारलं गेलं. इथल्या लोकांशी त्याचं काहीतरी साटंलोटं असणार, नाहीतर बोलला असता, असं लोक म्हणाले. निवडणुकीच्या कामातून त्यांना काढलं. आता अभिलेख कक्षात बसतात." त्यांनी कागदाची घडी घातली. "पाठवते मी. इंग्रजी करून."

दीड महिन्यानं त्यांचा फोन आला. पाहुण्यांचं उत्तर आलं होतं. त्या थेट मराठी करून वाचत होत्या, त्यामुळे मध्ये मध्ये थांबत होत्या. कागद मिळाला. कार्यालयात दिलेला नाही, कारण तुमच्या देशातून आलेल्या कागदावर इथं कुणी विश्वास ठेवणार नाही, उलट तो माझ्याकडं कसा आला हेच विचारतील. पण घरी दाखवला. मुलीनं तो दोनदा वाचून घेतला.

"आणखी काही?" मी विचारलं.

"नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्याबद्दल काही लिहिलेलं नाही."